कुर्तुब्यातला दातांचा दवाखाना

अंदलूस म्हटले की आपल्या घरांत कुर्तुब्याच्या जामा मशिदीचे नाव निघते. स्पेनमध्ये या शहराला आज कोर्दोबा म्हणतात. मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानी पाहून बाहेर पडले, की जुन्या वस्तीत थोड्याच अंतरावर 'काये अल्बुकासिस' नावाची एक अरुंद गल्ली लागते. चुन्याने रंगवलेल्या भिंती, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, कुंड्यांतली फुले. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत. अल्बुकासिस म्हणजे आपले अबुल कासिम अल-जहरावी. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर मदीनतुज्जहरा या राजनगरीचे अवशेष आहेत. तिथले म्हणून ते जहरावी. इ.स. 936 च्या सुमाराचा त्यांचा जन्म आणि 1013 च्या सुमाराचा मृत्यू. 'किताबुत्तसरीफ' हा त्यांचा तीस भागांचा वैद्यकग्रंथ. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे आजच्या तोलेदोमध्ये, त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतके युरोपचे जर्राह त्यावर शिकले.

या ग्रंथात दातांवर खास प्रकरणे आहेत. दातांवरचे किटण खरवडून काढण्याच्या वेगवेगळ्या आकारांच्या खरवडण्या त्यांनी चित्रांसह दिल्या आहेत. हलणारे दात सोन्याच्या तारेने कसे बांधावेत आणि पडलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा दात कोरून कसा बसवावा, हेही लिहिले आहे. दात काढण्याबद्दल ते फार सावध आहेत. आधी प्रत्येक उपाय करून पाहावा, काढण्याची घाई करू नये, कारण गेलेल्या दाताची भरपाई कशानेच होत नाही, असा त्यांचा सल्ला आहे. पुष्कळदा रोग्यालाच कळत नाही की नेमका कोणता दात दुखतो. मग अडाणी हज्जाम चांगला दात उपटतो आणि दुखरा तसाच राहतो, असेही त्यांनी नोंदवले आहे. 'हज्जाम' हाच शब्द तिथे आहे. आपल्याकडेही दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गावचा हजाम दात काढत असे.

हे सारे आम्हाला नीट उमगले ते अम्मींच्या दाढेमुळे. आम्ही दोघे, मुलगी आणि अम्मी असे चौघे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुर्तुब्यात होतो. मंगळवारी रात्री अम्मींची खालची उजवी दाढ ठणकू लागली. डाव्या बाजूच्या दोन दाढा त्यांनी पूर्वीच काढून टाकल्या आहेत. त्या चावतात ते याच बाजूने. म्हणजे प्रश्न एका रात्रीच्या दुखण्याचा नव्हता. ही दाढ गेली तर पुढची वर्षे भाकरी कुस्करून खायची की चावून, असा तो प्रश्न होता.

सुट्ट्यांचा पूल

स्पेनमध्ये 6 डिसेंबर हा संविधान दिन आणि 8 डिसेंबर हा चर्चचा मोठा सण. दोन्ही दिवस सुट्टी असते. मधल्या दिवसाची रजा टाकून लोक सलग सुट्टी घेतात. त्याला ते 'पुएन्ते' म्हणजे पूल म्हणतात. आम्ही नेमके या पुलावर सापडलो. बुधवारी सकाळी शहरातले दातांचे दवाखाने बंद होते. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी सांगितले, की सरकारी तातडीच्या विभागात वेदना थांबवण्याचे औषध देतील, पण सुट्टीच्या दिवशी दातांचा डॉक्टर तिथे भेटेल अशी आशा धरू नका. तोंड सुजले, ताप चढला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मात्र न थांबता 112 ला फोन करायचा. हा क्रमांक साऱ्या स्पेनमध्ये तातडीच्या मदतीसाठी चालतो.

तसे काही नव्हते, म्हणून आधी फार्मासिया गाठली. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस लावलेला असतो. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री पाळीपाळीने काही दुकाने उघडी राहतात, आणि बंद दुकानाच्या दारावरही आज पाळी कोणाची हे लावलेले असते. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "रक्तदाब? साखर?" अम्मींना दोन्ही आहे. आमच्याकडे त्यांच्या गोळ्यांची यादी औषधांच्या मूळ नावांनी लिहिलेली होती. कंपनीची नावे देशागणिक बदलतात, मूळ नाव सगळीकडे चालते. यादी पाहून त्यांनी आयब्युप्रोफेन नको म्हणून सांगितले आणि पॅरासिटामॉल दिले. अँटिबायोटिक मागितले तर मान हलवली. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडे मेडिकलवाला चार कॅप्सूल कापून देतो, तसा प्रकार इथे नाही.

गुळण्यांच्या औषधात अल्कोहोल असते, म्हणून आम्ही 'सिन अल्कोओल', म्हणजे अल्कोहोलविरहित, असे विचारले. ते सहज मिळाले. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका येणाऱ्यांनी गोळी किंवा पाण्यात विरघळणारी पुडी मागावी. या पुड्यांना 'सोब्रे' म्हणतात आणि त्या स्पेनमध्ये सर्रास वापरतात.

दुकानात उभे असताना कानावर पडणारे शब्द ओळखीचे वाटत होते. कापसाला स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' म्हणतात, तो अरबीतला 'अल-कुत्न'. पातळ औषधाला 'हाराबे' म्हणतात. ज्या अरबी मुळापासून आपले 'सरबत' आले, त्याच मुळाचा तो शब्द. दरपत्रकाला 'तारिफा' म्हणतात, तोही अरबीतून आलेला. अक्कलदाढेचे स्पॅनिश नाव 'मुएला देल हुइसियो', म्हणजे समजशक्तीची दाढ. अरबीतही तिला अक्लेची दाढच म्हणतात, आणि आपल्या 'अक्कलदाढे'तली अक्कल अरबीच. अम्मींना ही गंमत सांगितली, तर एका हाताने गाल धरून त्या म्हणाल्या, "अक्कल राहू दे बाजूला, आधी दाढेचं बघा."

सरकार काय देते

स्पेनची सरकारी आरोग्यसेवा चांगली आहे. तिथल्या रहिवाशाला आजारपणात, बाळंतपणात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत दवाखान्याच्या बिलाची धास्ती नसते. दातांचे मात्र तसे नाही. मोठ्या माणसाला सरकारी दवाखान्यात मुख्यतः तपासणी, दुखण्यावर औषध आणि दात काढणे एवढेच मिळते. दाढेत सिमेंट भरणे, रूट कॅनाल, कॅप, कवळी हे सारे ज्याने त्याने आपल्या खिशातून करायचे. गरिबाचा दात काढला जातो आणि पैसेवाल्याचा वाचतो, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. ज्या शहरात जहरावींनी दात काढण्याची घाई करू नका असे लिहिले, तिथेही हीच स्थिती आहे.

मुलांची सोय त्या मानाने बरी आहे. कुर्तुबा ज्या अंदालुसिया प्रांतात येते, तिथे 2001 साली एक योजना सुरू झाली. तिच्यात सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांची दरवर्षी दाततपासणी होते आणि कायमच्या दातांतली कीड भरून दिली जाते. पालक सरकारी दवाखाना किंवा योजनेत नोंदलेला खासगी डॉक्टर निवडू शकतात. 2022 साली देशाच्या सरकारनेही मुले, गरोदर स्त्रिया आणि अपंग व्यक्तींसाठी दंतसेवा वाढवण्याची योजना मंजूर केली. दात लहानपणी सांभाळले तर म्हातारपणी खर्च पडत नाही, हे तत्त्व त्यांनी निदान मुलांपुरते अमलात आणले आहे.

पाहुण्यांना ही सेवा फुकट नाही. युरोपीय देशांतल्या लोकांकडे आपसातले आरोग्यकार्ड असते. आपल्याला पैसे मोजावे लागतात, नाहीतर विमा दाखवावा लागतो. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा प्रवासविमा सक्तीचा असल्याने तो आमच्याकडे होता. दातांसाठी त्यात वेगळी आणि बरीच लहान मर्यादा असते, तीही 'अचानक उद्भवलेल्या वेदनेवर तातडीचा उपचार' एवढ्यापुरती. आम्ही बुधवारीच विमा कंपनीला फोन करून नोंद क्रमांक घेतला. हा क्रमांक उपचाराआधी घेतलेला असला, की पुढे वाद होत नाही.

तीन दवाखाने, तीन दर

गुरुवार हा पुलाचा दिवस. तरी काही दवाखाने उघडे होते. साधारण सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ, अशा त्यांच्या वेळा. दुपारी सगळे घरी जाऊन जेवतात. फोनवर एवढे म्हटले तरी काम भागते: "मे दुएले ला मुएला", माझी दाढ दुखते. त्यापुढे "पारा ओय?", म्हणजे आजची वेळ मिळेल का? 'सीता' म्हणजे भेटीची वेळ. पहिल्या फोनवर पलीकडून "सीता?" ऐकून आमची मुलगी हसू लागली.

दाराबाहेरच्या पाटीवर डॉक्टरचे नाव आणि बहुधा नोंदणी क्रमांक असतो. इथे प्रत्येक दंतवैद्याला प्रांताच्या दंतवैद्य मंडळात नाव नोंदवावेच लागते, आणि ते नाव कोणालाही पडताळून पाहता येते. काही जुन्या पाट्यांवर 'ओदोन्तोलोगो'ऐवजी 'एस्तोमातोलोगो' लिहिलेले दिसते. 1986 च्या कायद्याने दंतवैद्यकाची स्वतंत्र पदवी आली. त्याआधी आधी डॉक्टर व्हायचे आणि मग दातांचे शिक्षण घ्यायचे, अशी रीत होती. ती त्या पिढीची पाटी.

आम्ही तीन ठिकाणी विचारले. पहिल्या ठिकाणी, एका मोठ्या साखळीच्या चकचकीत शाखेत, तपासणी फुकट होती. पण तपासणीनंतर एका दाढेचे पाच दातांचे काम झाले आणि कागदावर दोन हजार युरोच्या वरचा आकडा आला. त्यासोबत मासिक हप्त्यांचा तक्ताही होता. दुसरीकडे वेळ सोमवारची मिळाली. तिसरा दवाखाना वस्तीतला, पहिल्या मजल्यावर, दोन खुर्च्यांचा. डॉक्टर बाई होत्या, त्यामुळे अम्मी निवांत झाल्या.

तिथे तपासणी आणि एक्स-रे मिळून तीस युरो. बाईंनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. जुन्या भरणाखाली कीड शिरून नसेपर्यंत पोचली होती, पण मुळे शाबूत होती. मग त्यांनी कागदावर तीन मार्ग लिहून दिले. या लेखी अंदाजाला 'प्रेसुपुएस्तो' म्हणतात. तो मागितला की देतात, आणि मागण्यात कोणाला वावगे वाटत नाही. दाढ काढणे पन्नास युरो. पूर्ण रूट कॅनाल दोनशे तीस, वर कॅप बसवायची तर आणखी साडेतीनशे, आणि कॅप तयार व्हायला आठवडाभर. तिसरा मार्ग असा: आज दाढ उघडून नस काढायची, आत औषध घालून तात्पुरते भरण करायचे, त्याचे ऐंशी युरो. उरलेले काम मायदेशी जाऊन. त्या वेळी एक युरो साधारण नव्वद रुपयांना पडत होता. म्हणजे एका बाजूला साडेचार हजार, दुसऱ्या बाजूला बावन्न हजार, आणि मध्ये सात हजार दोनशे.

अम्मींनी आकडे ऐकले आणि त्यांचा निर्णय झाला. "काढून टाका. पन्नासात सुटका. माझ्या दाढेपायी पोरांची सहल बुडायला नको." घरातली वडील माणसे असाच हिशेब करतात. स्वतःच्या दुखण्याचा सर्वांत स्वस्त इलाज निवडायचा आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचे. डाव्या बाजूच्या दाढा अशाच गेल्या होत्या. एक मुलीच्या लग्नाच्या वर्षी आणि दुसरी घराचे छप्पर बदलले तेव्हा. आम्ही त्यांना म्हटले, "अम्मी, सहल पुन्हा होईल, दाढ पुन्हा यायची नाही." मुलीने फोनवर भाषांतर करून डॉक्टरबाईंना अम्मींचे म्हणणे सांगितले. बाईंनी एक्स-रेवर बोट ठेवून विचारले, "जेवता कोणत्या बाजूने?" अम्मींनी उजव्या गालाला हात लावला. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त तिसऱ्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. अम्मींनी त्या रेघेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बिस्मिल्लाह करा मग."

भूल देण्याआधी रक्तदाब मोजला. काम पाऊण तासात संपले. सूज आणि ताप नसल्याने अँटिबायोटिकची गरज नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. मगरीबची वेळ झाली होती. मदतनीस मुलीने शेजारची रिकामी खोली उघडून दिली. निघताना बाईंनी अहवाल, एक्स-रेची प्रत आणि 'फाक्तुरा' म्हणजे रीतसर बिल दिले. स्पेनमध्ये दंतवैद्याच्या उपचारांवर मूल्यवर्धित कर नसतो, म्हणून लिहून दिलेला आकडा आणि शेवटचा आकडा एकच निघाला: एकशे दहा युरो. विमा कंपनीने त्यातून आपली वजावट कापून बाकीचे दीड महिन्याने परत केले.

जुम्म्याच्या नमाजनंतर

ऐतिहासिक जामा मशीद 1236 पासून चर्चच्या ताब्यात आहे आणि तिथे नमाज पढण्यास मनाई आहे. जुम्म्यासाठी आम्ही कोलोन चौकातल्या बागेतल्या लहानशा मशिदीत गेलो. यादवी युद्धाच्या काळात मोरोक्कन सैनिकांसाठी बांधलेली ती इमारत. नमाजनंतर काही मोरोक्कन कुटुंबांशी बोलणे झाले. दाढेचा विषय निघताच सगळे हसले. त्यांच्यातले कितीतरी जण दातांची मोठी कामे उन्हाळी सुट्टीत समुद्र ओलांडून तंजा किंवा तेतुआनला जाऊन करतात. आम्हाला लगेच आपले कोकण आठवले. दुबई-कुवेतहून महिनाभराच्या रजेवर आलेली आपली माणसे खेड-चिपळूणच्या दातांच्या दवाखान्यात रांग लावतात, तशीच ही गोष्ट. परदेशात कमवायचे आणि दात मायदेशी दुरुस्त करायचे, हा रिवाज सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर आहे.

त्यांनी हप्त्यांबद्दलही सांगितले. साखळी दवाखाने हप्ता देतात तेव्हा बहुधा मध्ये कर्ज देणारी कंपनी असते, आणि त्यावर व्याज लागू शकते. शिवाय 2018 साली स्वस्त दातांच्या जाहिराती करणारी एक मोठी साखळी एकाएकी बंद पडली. रोग्यांचे दात अर्धवट राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र डोक्यावर उरले. प्रकरण देशाच्या वरच्या न्यायालयापर्यंत गेले. त्यामुळे ही कुटुंबे जेवढे काम झाले तेवढेच पैसे, अशा बोलीवर वस्तीतल्या दवाखान्यात जातात. व्याजापासूनही बचाव आणि बुडण्यापासूनही. ज्यांना मायदेशी जाणे जमत नाही, ते ग्रनाडा आणि सेविलच्या विद्यापीठांतल्या दंत महाविद्यालयांत जातात. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात उपचार करतात, पण वेळ जास्त लागतो.

आपल्या घरासाठी

परदेशी जाणाऱ्यांनी चार गोष्टी जवळ ठेवाव्यात: औषधांची यादी मूळ नावांनी, विम्याचा तातडीचा फोन, उपचाराआधी लेखी दर, आणि उपचारानंतर बिल व एक्स-रे. काही बिनसलेच तर अंदालुसियात प्रत्येक दवाखान्याला तक्रारीचा सरकारी अर्ज ठेवावा लागतो. 'ओहा दे रेक्लामासियोनेस' एवढे नाव पाठ असले तरी पुरे.

दात जपण्याची आपल्या दीनमध्ये मोठी ताकीद आहे. उम्मतीला जड गेले नसते तर प्रत्येक नमाजला मिसवाक सांगितला असता, या अर्थाची हदीस आपण सारे जाणतो. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) सोन्याचे बसवण्यास सांगितले. त्यावरून अनेक फकीहांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्यास परवानगी दिली. चांदी लवकर खराब होते, सोने बदलत नाही, म्हणून तार सोन्याची हवी, असे जहरावींनीही लिहिले आहे. शरीराचा अवयव टिकवण्यासाठी खर्च करणे ही उधळपट्टी नाही, हे दोन्हींतून समजते.

आपल्या घरांत मात्र मुलांच्या शिकवणीला, लग्नाच्या मांडवाला पैसे निघतात आणि आईच्या दाढेला निघत नाहीत. कारण आई मागत नाही. दात काढला की दुखणे थांबते आणि सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. पुढे ताटातले मटण तिच्या पुढ्यातून सरकते, दाणे-फुटाणे बंद होतात, सारे मऊ शिजवले जाते, आणि हे कधी झाले ते कोणाला आठवत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दाढ काढण्याचेच नव्हे, तर ती वाचवण्याचे उपचारही तिथे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. अम्मींच्या दाढेचे उरलेले काम जानेवारीत चिपळूणला पूर्ण झाले. कॅप बसली आणि अलहम्दुलिल्लाह, भाकरी कुस्करावी लागत नाही. आपल्या घरातले वडील माणूस कोणत्या बाजूने चावते, हे आज रात्रीच्या जेवणाला पाहून ठेवा आणि त्यांनी न मागता दवाखान्याची वेळ घ्या.